जबानी, साक्ष आणि उलटतपासणी : टिळक-खटल्यांच्या वृत्तान्तांचे एक परीक्षण

लोकमान्य टिळकांच्या १९०८ च्या खटल्याविषयी लिहिताना मराठीत एक वाक्प्रयोग वारंवार आढळतो. ‘टिळकांनी आपल्या साक्षीत असे सांगितले’, असे म्हणून लेखक एखादे विधान उद्धृत करतात व त्यावरून टिळकांचा हेतू ठरवून मोकळे होतात. कित्येक स्तुतिपर ग्रंथांत हा प्रयोग आहे, तसाच तो निंदापर लेखांतही आहे. वस्तुस्थिती अशी की, १९०८ च्या खटल्यात टिळकांची साक्ष झालीच नाही. ती कायद्याने होऊ शकत नव्हती. तो शब्दांचा किरकोळ घोटाळा आहे असे समजून ही गोष्ट सोडून देता येत नाही. कोणत्या कागदावर कितपत विश्वास ठेवावा हा प्रश्न ज्यांना रोज पडतो, त्या संशोधकांनी व संग्राहकांनी हा भेद विसरल्यास प्रमाणशास्त्राचा पायाच ढळतो. म्हणून नरसिंह चिंतामण केळकर यांनी १९०८ मध्येच प्रसिद्ध केलेला त्या खटल्याचा समग्र इंग्रजी वृत्तान्त समोर ठेवून, आरोपीला प्रश्न विचारण्यास कायद्याने ज्या मर्यादा घातल्या त्यांचा ऐतिहासिक साधनांवर काय परिणाम झाला, याचा विचार येथे योजिला आहे. प्रस्तुत लेखक कायद्याचा पदवीधर नाही. संस्कृताचा जुना शिक्षक आहे. त्यामुळे विषयाचा आरंभ आमच्या शास्त्रापासूनच करणे त्यास सोयीचे वाटते.

याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायावरील मिताक्षरेत प्रतिवादीची उत्तरे चार प्रकारची मानली आहेत : सत्य, मिथ्या, कारण आणि प्राङ्न्याय. यांपैकी मिथ्योत्तर म्हणजे साफ नाकबुली. नाकबुलीच्या ठिकाणी प्रमाण देण्याचा भार वादीवर पडतो. कारणोत्तरात तो प्रतिवादीवर जातो. ‘मी घेतलेच नाही’ म्हणणाऱ्याने न घेतल्याचे सिद्ध करावयाचे नसते. ‘घेतले, पण फेडले’ म्हणणाऱ्याने फेड सिद्ध करावयाची असते. आरोपीला किती खोदून विचारावे या प्रश्नाचे मूळ या विभागणीत आहे. ज्याच्यावर प्रमाणाचा भारच नाही, त्याच्या तोंडून प्रमाण काढण्याचा आग्रह धरणे म्हणजे वादीचा भार प्रतिवादीच्या खांद्यावर टाकणे होय.

तथापि आमचे शास्त्र आजच्या कायद्यासारखेच होते असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. सभेत बोलाविल्यावर जो काहीच बोलत नाही तो हीन व दंड्य होय, असे याज्ञवल्क्य स्पष्ट सांगतो. म्हणजे मौनाचा हक्क त्याने मानलेला नाही. साहस, चोरी, पारुष्य इत्यादि वादांत तर उत्तर तत्काळ द्यावे लागे, मुदत मिळत नसे. शिवाय जो एका जागी स्थिर राहत नाही, ओठ चाटतो, ज्याच्या कपाळी घाम येतो, तोंडाचा रंग बदलतो, वाणी अडखळते, तो दुष्ट समजावा, अशी लक्षणेही स्मृतीत दिली आहेत. परंतु मिताक्षराकार विज्ञानेश्वराचे येथील विवेचन प्रत्येक न्यायाधीशाने व प्रत्येक इतिहासकाराने मनन करण्याजोगे आहे. तो म्हणतो की, या लक्षणांवरून दोषाची केवळ संभावना करावयाची, निश्चय नव्हे. कारण कोणता विकार स्वाभाविक आणि कोणता निमित्ताने उत्पन्न झालेला, हा विवेक करणे कठीण असते. संभावना आणि निश्चय यांतील हे अंतर पुढील विवेचनात पुन्हा पुन्हा उपयोगी पडेल.

माण्डव्य ऋषीची कथा या संदर्भात आठवते. महाभारतात चोरांचा माग काढीत आलेल्या राजपुरुषांनी प्रश्न केला असता मौनव्रती माण्डव्य बोलला नाही; चोर व माल आश्रमात सापडले; आणि तो शूलावर चढला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र तोच माण्डव्य यातनांच्या भयाने ‘मी चोर आहे’ असे खोटेच बोलतो. एका परंपरेत न बोलण्याने घात झाला, दुसरीत बोलण्याने. नारदही माण्डव्य चोर नसता व्यवहाराने चोर ठरला, असे सांगून केवळ अक्षरशः शास्त्र पाहणाऱ्यास सावध करतो. कौटिल्य तर संशयिताच्या चौकशीला काळाचीही मर्यादा घालतो. तीन रात्री उलटल्यावर, मुद्देमाल दिसल्याखेरीज, केवळ संशयावरून कोणास पकडू नये. कारण तेव्हा विचारपूस निरुपयोगी होते. अर्थशास्त्राची संहिता शामशास्त्री यांनी म्हैसूर येथे छापून काढली ती १९०९ साली, म्हणजे टिळकांच्या शिक्षेनंतरच्या वर्षी, हा योगायोग हस्तलिखितांच्या संग्राहकांस रुचेल.

आता प्रस्तुत खटल्याच्या काळचा कायदा पाहू. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३४२ व्या कलमाने आरोपीला प्रश्न विचारण्याचा अधिकार फक्त न्यायालयास दिला होता, आणि तोही एकाच हेतूने : पुराव्यात त्याच्याविरुद्ध दिसणाऱ्या गोष्टींचा खुलासा करण्याची त्यास संधी मिळावी म्हणून. आरोपीस शपथ देता येत नसे. उत्तर नाकारल्याबद्दल अथवा खोटे दिल्याबद्दल त्यास दंड नव्हता. मात्र न्यायाधीश व ज्यूरी त्यावरून योग्य वाटेल ते अनुमान काढू शकत. सरकारी वकिलास त्याची उलटतपासणी करण्याचा अधिकार मुळीच नव्हता. ही ढाल खरी. पण तिची दुसरी बाजू अशी की, आरोपीला स्वतःसाठी शपथेवर साक्ष देण्याचीही मुभा नव्हती. इंग्लंडात त्याच १८९८ साली झालेल्या कायद्याने आरोपीस स्वेच्छेने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहण्याचा हक्क मिळाला. तेथे त्याची उलटतपासणी होई, परंतु त्याच्या पूर्वीच्या शिक्षा व वाईट चारित्र्य यांविषयी प्रश्न विचारण्यास बंदी होती. पूर्वीचा गुन्हा हाच प्रस्तुत गुन्ह्याचा ग्राह्य पुरावा असेल, आरोपीने स्वतःच्या सच्छीलाचा दावा केला असेल वा फिर्यादीच्या साक्षीदारांच्या शीलावर हल्ला केला असेल, किंवा सहआरोपीविरुद्ध साक्ष दिली असेल, तरच ती बंदी उठे. एकाच राज्यकर्त्यांच्या अमलाखाली लंडनचा आरोपी शपथेवर बोलू शके आणि मुंबईचा बोलू शकत नसे.

टिळकांच्या आयुष्याचे वैशिष्ट्य असे की, या निरनिराळ्या भूमिकांतून ते न्यायालयांसमोर उभे राहिले व प्रत्येक वेळचा कागद उपलब्ध झाला. एकाच माणसाचे शब्द भिन्न आसनांवरून उच्चारलेले ताडून पाहण्याची अशी संधी क्वचितच लाभते.

पहिले आसन साक्षीदाराचे. बाबा महाराज १८९७ मध्ये वारले; त्यांच्या मृत्युपत्राचे एक विश्वस्त टिळक होते. १९०१ मध्ये औरंगाबाद येथे जगन्नाथाचे दत्तविधान झाले. पुढे ताई महाराजांनी ते नाकारले व मृत्युपत्राचे प्रोबेट रद्द व्हावे म्हणून पुण्यास अर्ज केला. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्यापुढे टिळकांची शपथेवर जबानी झाली व कसून उलटतपासणी झाली. १९०२ साली ॲस्टन यांनी अर्ज मान्य केला. एवढेच नव्हे, तर त्या शपथेवरील उत्तरांतूनच खोटी साक्ष वगैरे आरोप निर्माण करून टिळकांना ४७६ व्या कलमाखाली फौजदारी कोर्टाकडे पाठविले. १९०३ साली मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली. सेशन्स कोर्टाने ती सहा महिन्यांवर आणली. आणि मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टिळकांना निर्दोष ठरविले. दत्तविधानाचा मूळ वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९१५ साली जगन्नाथाचे दत्तविधान कायम झाले. तात्पर्य, शपथ, उलटतपासणी व अनुभवी न्यायाधीशाची समक्ष पारख ही तिन्ही साधने जमूनही प्रथम निघालेला निष्कर्ष टिकला नाही. उलटतपासणी ही सत्याची कसोटी खरी, परंतु ती निर्णायक आहे असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण पाहावे.

दुसरे आसन आरोपीचे. आणि येथे आपण केळकरांच्या ग्रंथाकडे येतो. मुजफ्फरपूरच्या बाँबनंतर १२ मे १९०८ व ९ जून १९०८ च्या केसरीत आलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ व ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांबद्दल हा खटला न्यायमूर्ती दावर व नऊ जणांची ज्यूरी यांच्यापुढे १३ ते २२ जुलै १९०८ या काळात चालला. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले व त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची व हजार रुपये दंडाची शिक्षा झाली. खटला संपला त्याच वर्षी त्याचा शब्दशः वृत्तान्त लोकांच्या हाती देणे, तेही त्या काळच्या दडपणात, ही केळकरांची मोठीच सेवा होय. तिचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही.

परंतु ग्रंथाच्या रचनेविषयी दोन आक्षेप नमूद केले पाहिजेत. पहिला असा की, वृत्तान्तास प्रस्तावना व टिळकांचे व्यक्तिचित्र जोडले आहे. न्यायालय आरोपीच्या शीलाची गोष्ट विशेष कारणावाचून मध्ये आणू देत नाही; प्रकाशकाने ती मजकुरास जोडून दिली. ते शील उत्तम होते, म्हणून हा दोष नाहीसा होत नाही. कारण याच न्यायाने प्रतिपक्षाने निंदापर चित्र जोडले असते, तर आपण ते सहन केले नसते. दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. टिळकांचे जे बोलणे या ग्रंथात आले आहे ते चार जातींचे आहे. ते एकाच ओघात वाचले जाते, आणि त्यांच्या भिन्न प्रामाण्याचा इशारा वाचकास मिळत नाही.

त्या चार जाती अशा. टिळकांनी वकील न देता खटला स्वतः चालविला. म्हणून पहिली जात साक्षीदारांना त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची. विशेषतः सरकारी भाषांतरकाराची त्यांनी केलेली उलटतपासणी प्रसिद्ध आहे. मराठी शब्दांची इंग्रजी रूपे चुकीची व भडक झाली आहेत, असे दाखविण्याचा तो प्रयत्न होता. प्रश्न हा पुरावा नसतो. त्यास मिळालेले उत्तर पुरावा असते. दुसरी जात सरकारी पुरावा संपल्यावर त्यांनी आरोपी या नात्याने केलेल्या निवेदनाची; हीच ३४२ व्या कलमातली जबानी. तिसरी, ज्यूरीसमोर २१ तासांहून अधिक चाललेल्या भाषणाची, हा युक्तिवाद. चौथी, शिक्षेपूर्वी उच्चारलेल्या त्या थोड्या शब्दांची, जे पुढे उच्च न्यायालयाच्या त्याच दालनात शिलेवर कोरले गेले. मानवी न्यायाहून श्रेष्ठ शक्तीचा हवाला देणारे ते शब्द पुरावाही नव्हेत, युक्तिवादही नव्हेत. त्यांचे स्थान निराळे आहे. या चौघांपैकी एकाही ठिकाणी शपथ नाही, आणि एकाही ठिकाणी टिळकांना प्रतिपक्षाचा प्रश्न नाही. ज्याने इतरांची उलटतपासणी केली, त्याची उलटतपासणी करण्यास तेथे कोणीही अधिकारी नव्हता.

याचा परिणाम कोठे झाला ते एका कार्डाच्या प्रकरणात दिसते. अटकेनंतर टिळकांच्या पुण्याच्या घराची झडती झाली, तीत स्फोटक द्रव्यांवरील दोन पुस्तकांची नावे लिहिलेले एक पोस्टकार्ड मिळाले. सरकारपक्षाने ते पुढे केले. टिळकांचा खुलासा असा की, स्फोटक पदार्थांच्या नव्या कायद्यावर टीका करावयाची होती, त्या कामी ती नावे टिपून ठेविली. आता हा खुलासा कोणत्या वजनाचा? शपथ नाही, म्हणून ती साक्ष नव्हे. ब्रॅन्सन यांना त्यावर एकही प्रश्न विचारता आला नाही. उलट, आरोपीने स्वतःचे कागद पुराव्यात दाखल केल्यामुळे शेवटचे बोलण्याचा हक्क सरकारपक्षाकडे गेला, व ब्रॅन्सन यांचे भाषण टिळकांच्या नंतर झाले. म्हणजे प्रश्न करावयास बंदी, टीका करावयास मोकळीक. आणि त्या टीकेस उत्तर देण्यास आरोपीला वाव नाही. ढालीची ही उणी बाजू केळकरांच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येते.

स्तुतिपर लेखक हा खुलासा सिद्ध मानतात. निंदक कार्डावरून बाँबशी संबंध सिद्ध मानतात. दोघेही विज्ञानेश्वराची पायरी चुकतात. कार्ड सापडले एवढ्यावरून दोषाची संभावना होते, निश्चय होत नाही. खुलासा दिला एवढ्यावरून निर्दोषतेची संभावना होते, तिचाही निश्चय होत नाही. निश्चयाकडे जावयाचे तर जबानीबाहेरचे, स्वतंत्र साधन शोधले पाहिजे. आणि ते येथे आहे. स्फोटक पदार्थांचा कायदा व वृत्तपत्रांचा कायदा हे दोन्ही ८ जून १९०८ रोजी झाले. ९ जूनचा अग्रलेख सरकारच्या या उपायांवरच आहे. कायदा, लेख व कार्डाचा विषय यांची ही संगती टिळकांच्या तोंडच्या शब्दावर अवलंबून नाही. तारखा कोणाच्याही शपथेवाचून उभ्या आहेत. म्हणून त्यांचा खुलासा संभवनीय होता, असे आम्ही म्हणतो. ‘टिळकांनी साक्षीत सांगितले म्हणून खरा’ असे मात्र म्हणत नाही.

तिसरे आसन वादीचे. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या १९१० च्या ग्रंथाबद्दल टिळकांनी लंडनात अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो १९१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे चालला व टिळक तो हरले. तेथे सर एडवर्ड कार्सन यांनी त्यांची उलटतपासणी केली. आरोपीला पूर्वीच्या शिक्षांविषयी विचारण्यास इंग्लंडात जी बंदी होती, ती येथे लागू नव्हती. कारण अब्रूचा दावा करणारा वादी स्वतःच्या शीलालाच वादाचा विषय करतो. १८९७ व १९०८ या दोन्ही सालांच्या शिक्षा त्यामुळे उघड पटावर आल्या. काही टीकाकार या लंडनच्या वृत्तान्ताला ‘खरे टिळक येथे सापडले’ म्हणून मुंबईच्या वृत्तान्तापेक्षा वरचढ लेखतात. आमच्या मते ही घाई आहे. लंडनातली उत्तरे कसोटीस लागलेली आहेत खरी, परंतु प्रश्नांचा क्रम, निवड व रोख ही सर्व कार्सन यांची आहेत. वीस वर्षांच्या लेखनातून प्रतिपक्षाने वेचलेल्या वाक्यांपुरतेच वादीने बोलावयाचे होते. मुंबईत टिळक आपल्या क्रमाने, आपल्या संदर्भासह, सविस्तर बोलले. पण त्या बोलण्याची कोणी पारख केली नाही. एका वृत्तान्तात विस्तार आहे आणि परीक्षा नाही. दुसऱ्यात परीक्षा आहे आणि विस्तार नाही. इतिहासकाराने दोन्ही जवळ ठेवावे, व एकाने दुसऱ्याला खोटे ठरवू नये.

येथे एक आक्षेप येईल तो आधीच विचारात घेऊ. आरोपीला प्रश्न विचारू न देणे म्हणजे सत्य झाकणेच नव्हे काय? ज्याला सर्वांत अधिक माहीत आहे त्यालाच वगळून न्याय कसा करावयाचा? आक्षेप पोकळ नाही. आणि कायद्यानेही पुढे त्याचा मान राखला. १९५० च्या राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीची सक्ती करण्यास मनाई केली. १९५५ च्या दुरुस्तीने आरोपीला स्वेच्छेने साक्षीदार होण्याची मुभा आली. १९७३ च्या संहितेत व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही दोन्ही वाटा वेगळ्या ठेविल्या आहेत : न्यायालयाने खुलाशासाठी विचारलेल्या प्रश्नांची शपथेवाचून उत्तरे, आणि आरोपीच्या लेखी विनंतीवरूनच घेतलेली शपथेवरील साक्ष. त्याने साक्ष न दिल्यास त्यावर पक्षकारांनी वा न्यायालयाने टीका करावयाची नाही. न्यायालयाने आरोपीपुढे जी प्रतिकूल गोष्ट खुलाशासाठी ठेविलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून गेलेल्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात १९८४ साली सांगितले. अर्थात प्रश्न विचारण्याची मर्यादा सत्य झाकण्यासाठी घातलेली नाही. भेदरलेल्या माणसाचा अडखळलेला शब्द, त्याचे मौन, अथवा त्याचा जुना दोष यांवरून प्रस्तुत गुन्ह्याचा निश्चय होऊ नये, एवढ्यासाठी ती आहे. कपाळीच्या घामाविषयी विज्ञानेश्वराने सांगितले ते हेच.

हा विचार टिळकांपुरता राखून चालणार नाही. आमच्या मालवणच्या बाजूस जुन्या घरांतून जबान्या, तक्रीरी, कतबे व निवाडपत्रे निघतात. १८१२ साली सिंधुदुर्ग व मालवण कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेले. तेव्हा एकाच गावचे, कधी एकाच कुळाचे कागद दोन निराळ्या न्यायपद्धतींतले असतात. त्यांतली ‘जबानी’ हा शब्द सारखा दिसतो; पण तिच्यामागची परिस्थिती सारखी नसते. म्हणून संग्राहक बंधूंस विनंती अशी की, जबानीचा कागद प्रसिद्ध करताना त्यासोबत इतके तरी नमूद करावे : बोलणारा वादी, साक्षीदार की आरोपी, शपथ होती की नव्हती, प्रश्न कोणी केले व ते कागदावर आहेत की केवळ उत्तरेच उतरली आहेत, बोलणारा कैदेत होता की मोकळा, आणि न बोलल्यास त्याचे काय झाले असते. ज्या कागदात प्रश्न गाळून उत्तरे सलग लिहिली आहेत, तो तर विशेष सावधपणे वाचावा. कारण तेथे विचारणाऱ्याचे शब्द सांगणाऱ्याच्या तोंडी गेलेले असण्याचा संभव फार. या विषयाचा शास्त्रीय पाया ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनी आमच्या कोकणचेच महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९४६ सालचा तिसरा खंड अवश्य पाहावा.

केळकरांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती कोणी काढील तर उपरिनिर्दिष्ट चार जाती समासात दर्शवाव्या, व्यक्तिचित्र परिशिष्टात न्यावे, आणि ‘साक्ष’ हा शब्द टिळकांच्या १९०८ च्या बोलण्यास कोठेही लावू नये. इतके झाल्यास ग्रंथाची योग्यता वाढेल, व टिळकांचीही अवहेलना होणार नाही. ज्या न्यायालयात त्यांना शपथेवर बोलण्याची मुभा नव्हती, तेथल्या त्यांच्या शब्दांवर शपथेचे ओझे शंभर वर्षांनी आपण लादू नये, आणि त्या शब्दांवाचून इतर साधनांनी जे सिद्ध होते तेही सोडू नये. इत्यलम्.

मालवण